तेरा लाख माणसांचा देश ज्ञानावर कसा उभा करायचा: एस्टोनियाने धरलेला क्रम

छोट्या देशांच्या प्रगतीचा विषय निघाला की लोक शेवटच्या पायरीवरून बोलायला लागतात. स्टार्टअप किती, युनिकॉर्न म्हणजे अब्ज डॉलरच्या स्टार्टअप किती, आयटी पार्कला जागा कुठे देणार. उत्तर युरोपातल्या एस्टोनियात जे घडलं त्यात या सगळ्याचा नंबर फार उशिरा लागला. आधी चलन, मग शाळा, मग कायदा, मग सरकारी दफ्तरांमधली माहितीची देवाणघेवाण आणि त्यानंतर कंपन्या. हा क्रम उलटा लावला तर पैसा ओतूनही इमारतींपलीकडे फारसं काही हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिते आहे.

मी मूळची गोव्यातल्या फोंड्याची. आता एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये राहते आणि सरकारी यंत्रणांसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. एस्टोनियाची आज साधारण १३ लाख ७० हजार आहे. त्यामुळे इथलं काहीही पाहिलं की ते गोव्याला लावून बघायची मला सवय लागली आहे. गोवा राज्य आहे, देश नाही. चलन, आयकर, सीमा यातलं काही पणजीच्या हातात नाही. पण शाळा, दाखले आणि खात्यांचा कारभार आहेच, आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी तिथे लागू पडतात.

आधी पैसा सावरा, मग आपल्याकडची माणसं मोजा

एस्टोनिया २० ऑगस्ट १९९१ला सोव्हिएत संघातून पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा दुकानं रिकामी होती आणि रूबलची किंमत रोज घसरत होती. जून १९९२मध्ये त्यांनी स्वतःचं क्रोन हे चलन आणलं आणि ते ८ क्रोनला १ जर्मन मार्क या दराने बांधून टाकलं. प्रत्येक रहिवाशाला १,५०० रूबल देऊन १५० क्रोन घेता आले. त्याच ऑक्टोबरात मार्ट लार वयाच्या ३२व्या वर्षी पंतप्रधान झाले. आयात शुल्क जवळजवळ काढून टाकलं गेलं आणि १९९४पासून सगळ्यांना सरसकट २६ टक्के आयकर लागला. पेन्शनवर जगणाऱ्यांनी आणि सामूहिक शेतांवर राबणाऱ्यांनी याची जबर किंमत मोजली. ती मोजायलाच हवी होती का, यावर इथे अजूनही घराघरांत वाद होतात. मात्र ज्या देशाच्या नोटेवर कुणाचा भरवसा नाही तिथे पंधरा वर्षांनी फळ देणाऱ्या कामात कुणी पैसा घालत नाही, एवढं मला पटतं.

यानंतरचं काम कागद-पेन्सिलचं आहे. आपल्याकडे आधीच कोण आहे, याची यादी करा. एस्टोनियाकडे तेलाच्या विहिरी नव्हत्या, पण टॅलिनमध्ये १९६०पासून चालत आलेली, संगणकशास्त्रावर काम करणारी सायबरनेटिक्स संस्था होती आणि टार्टूला १६३२ सालचं विद्यापीठ होतं. सोव्हिएत काळात तयार झालेले गणिती आणि प्रोग्रॅमर तिथे बसले होते आणि नव्या बँकांना माणसं हवी होती. या बँकांना चेकबुकाचा वारसाच नव्हता. त्या थेट कार्डावर आल्या आणि १९९६मध्ये इंटरनेट बँकिंग सुरू झालं. फिनलंडने आपलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज फुकट देऊ केलं होतं आणि एस्टोनियाने ते नाकारून नवं डिजिटल घेतलं, हा किस्सा इथे सगळेच सांगतात.

गोव्याने अशी यादी केली तर पहिलं नाव दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं येईल. १९६६पासून तिथे समुद्रावर काम चाललं आहे. आपली माणसं समुद्राची जाणकार असतील तर आपण बेंगळुरूची नक्कल कशासाठी करायची?

शाळा: इथे घाई करू नका आणि हात आखडता घेऊ नका

या भागावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण बाहेरून पाहणारे नेमका हाच भाग गाळतात.

१९९६च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी शाळांत संगणक आणि इंटरनेट पोचवण्याची ‘वाघाची झेप’ या नावाची योजना जाहीर केली. कल्पना दोघांची होती: अमेरिकेतले राजदूत तूमस हेंड्रिक इल्वेस आणि शिक्षणमंत्री याक आविकसू. इल्वेस निर्वासित कुटुंबातले. न्यू जर्सीतल्या शाळेत गणिताच्या शिक्षिकेने त्यांना प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं, आणि जे आपल्याला पंधराव्या वर्षी जमलं ते इथल्या मुलांनाही जमेल एवढाच त्यांचा हिशेब होता. विरोध झाला, शिक्षकांकडूनही झाला. पगार तुटपुंजे असताना संगणक कशाला, हा प्रश्न रास्तच होता. तरीही २००१ उजाडेपर्यंत देशातल्या जवळपास सगळ्या शाळा इंटरनेटला जोडल्या गेल्या.

योजना टिकली ती दोन कारणांनी. एक म्हणजे यंत्रांबरोबर शिक्षकांचं प्रशिक्षण आलं. भाषेचे, इतिहासाचे, जीवशास्त्राचे शिक्षकही त्यात होते, फक्त ‘कॉम्प्युटरचे सर’ नव्हे. दुसरं म्हणजे खर्चात स्थानिक पालिकांचा वाटा होता. ज्या पालिकेने पदरचे पैसे घातले ती आपल्या शाळेतला संगणक कपाटात कुलूपबंद राहू देत नाही.

पण संगणक म्हणजे शिक्षण नव्हे. पिसा ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. २०२२च्या फेरीत गणित आणि विज्ञानात एस्टोनिया युरोपात पहिला आला, आणि त्यामागची कारणं साधीच आहेत. नववीपर्यंत सगळी मुलं एकत्र शिकतात, हुशार आणि कच्ची अशी वाटणी लवकर होत नाही. शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते. शिक्षक कुणाला घ्यायचं ते मुख्याध्यापक ठरवतात आणि कसं शिकवायचं ते शिक्षक ठरवतात. दुपारचं गरम जेवण फुकट असतं. आईबापांच्या कमाईचा मुलांच्या गुणांवर जो परिणाम होतो तो इथे बऱ्याच श्रीमंत देशांपेक्षा कमी आहे. तेरा लाखांच्या देशाला एकही पोर वाया घालवणं परवडत नाही, हे इथल्या शिक्षकांच्या बोलण्यात सतत येतं.

आणि हे सगळं एस्टोनियन भाषेत चालतं. ती बोलणारे जगभरात अकरा लाखांच्या आसपास आहेत. तरी पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा हे विषय त्या भाषेत शिकता येतात. २०१३पासून एस्टोनियन भाषेतून पूर्णवेळ उच्चशिक्षण घेणाऱ्यांना फी नाही. इंग्रजी मुलांना उत्तम येतं, पण ते भाषा म्हणून येतं, विज्ञान समजून घ्यायची अट म्हणून नाही. आपण मराठी बोलणारे आठ कोटींहून जास्त आहोत. ‘विज्ञान आपल्या भाषेत शिकवणं शक्य नाही’ हे वाक्य मी आता कुणाकडूनही ऐकून घेऊ शकत नाही.

मुलांबरोबर मोठ्यांचंही बघावं लागतं. २००१मध्ये बँका आणि टेलिफोन कंपन्यांनी मिळून एक प्रतिष्ठान काढलं आणि संगणकाला कधी हात न लावलेल्या एक लाखाहून अधिक प्रौढांना तो वापरायला शिकवलं. प्रौढ लोकसंख्येचा हा साधारण दहावा भाग. यात बँकांचा फायदा उघड होता: ग्राहक घरून व्यवहार करू लागला की शाखेचा खर्च वाचतो. हा स्वार्थ सरकारने ओळखला आणि वापरून घेतला. तुमच्याकडे असा स्वार्थ कुणाचा आहे ते शोधा आणि त्यांच्याकडे पैसे मागायला संकोचू नका.

सही कायद्याने, ओळख कार्डाने

इंटरनेट आलं तरी सहीसाठी कागद लागत असेल तर घोडं तिथेच अडतं. एस्टोनियाने २०००मध्ये कायदा करून डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकंच वजन दिलं. आधी कायदा झाला, मग जानेवारी २००२पासून ओळखपत्रं आली. कार्डात चिप आणि त्याचे दोन पिन. पहिला चार आकडी, ‘मी कोण’ हे सांगण्यासाठी. दुसरा पाच आकडी, सही करण्यासाठी. घरभाड्याचा करार, नोकरीचा करार, बालवाडीचा अर्ज, सगळ्यावर मी तो पाच आकडी पिन टाकून सही करते आणि ती न्यायालयात चालते.

पहिली काही वर्षं ही कार्डं लोकांच्या पाकिटात नुसती पडून होती, हे मात्र लक्षात ठेवा. वापर वाढला तो रोजच्या गरजांमुळे. २००४मध्ये टॅलिनच्या बसचं तिकीट कार्डावर आलं. पुढे बँकांनी पासवर्ड छापलेल्या जुन्या कार्डावरची व्यवहाराची मर्यादा खाली आणली आणि मोठी रक्कम पाठवायची तर चिपचं कार्ड लागू लागलं. कार्ड सक्तीचं करणं सरकारच्या हातात होतं, पण लोकांना त्याची सवय लावली ती बस आणि बँकेने. २००५मध्ये स्थानिक निवडणुकीत आणि २००७मध्ये संसदेच्या निवडणुकीत ऑनलाइन मतदान झालं. २०२३च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतं ऑनलाइन पडली. पहिल्या कार्डापासून इथवर यायला एकवीस वर्षं लागली.

खात्यांनी एकमेकांना विचारावं, नागरिकाला नाही

डिसेंबर २००१मध्ये एक्स-रोड, म्हणजे सरकारी खात्यांच्या नोंदींना जोडणारी यंत्रणा, सुरू झाला. सगळी माहिती एका ठिकाणी गोळा करणारं अवाढव्य कोठार त्यांनी बांधलं नाही. तेवढे पैसे नव्हते, आणि सोव्हिएत राजवट भोगलेल्या लोकांना ते चाललंही नसतं. लोकसंख्येची नोंद त्या खात्याकडे, जमिनीची त्यांच्याकडे, वाहनांची तिसरीकडे. एका खात्याला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर ते एक्स-रोडवरून विचारतं. विचारणा कूटबद्ध होते, तिच्यावर विचारणाऱ्याची मोहोर लागते आणि नोंद राहते. सोबत कायद्याचा दंडक: जी माहिती एका खात्याकडे आहे ती जमवायला दुसऱ्याने नवी नोंदवही उघडायची नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी कळलं. बाळाला ओळख क्रमांक इस्पितळातूनच मिळाला. नाव आम्ही घरी बसून ऑनलाइन नोंदवलं. त्यानंतर सामाजिक विमा मंडळाकडून ईमेल आला: तुम्हाला या या बालभत्त्यांचा हक्क आहे, पैसे कुणाच्या खात्यात हवेत ते सांगा. मी पान उघडलं. आमची नावं, मुलीचं नाव, पत्ता, सगळं आधीच भरलेलं. मी फक्त खातं निवडलं आणि होकार दिला. अर्ज केला नाही, कारण अर्ज असा नव्हताच. २०१९पासून ही पद्धत आहे. आईला फोनवर सांगितलं तर तिने दोनदा विचारलं, “आणि झेरॉक्स कुठल्या दिल्यास?”

याची दुसरी बाजू मला त्याहून मोलाची वाटते. सरकारी पोर्टलवर एक पान आहे, तिथे माझी माहिती कोणत्या खात्याने, कधी आणि कुठल्या कामासाठी पाहिली याची यादी दिसते. आरोग्याच्या नोंदींचंही तसंच: कुठल्या डॉक्टरने माझी फाइल उघडली ते मला कळतं आणि नको असेल तर मी ती बंदही करू शकते. कारणाशिवाय डोकावणाऱ्यावर कारवाई होते. यंत्रणेवरचा विश्वास भाषणांतून येत नाही, तो या यादीतून येतो. तुमच्याकडे पोर्टल बांधायचं घाटत असेल तर ठेकेदाराला पहिला प्रश्न हा करा: नागरिकाला ही यादी कुठल्या पानावर दिसेल?

कंपन्यांना काय द्यायचं

जमीन फुकट देऊ नका. नियम सोपा ठेवा. २००० सालापासून एस्टोनियात कंपनीने नफा धंद्यातच ठेवला तर त्यावर कर शून्य. भागधारकांना वाटला, तर वाटलेल्या रकमेवर कर. हा दर बदलत गेला, २०२५पासून २२ टक्के आहे, पण मूळ नियम टिकला. वाढत्या कंपनीला यातून रोख पैसा मिळतो, आणि हिशेब इतका सरळ की करसल्लागारांची फौज लागत नाही. पुढे जॉर्जिया आणि लॅटव्हियानेही हाच नियम उचलला.

आता स्काइप, म्हणजे इंटरनेटवरून फोन करायचं सॉफ्टवेअर. २००३मध्ये ते सुरू करणारे निक्लास झेन्स्ट्रॉम स्वीडनचे आणि यानुस फ्रीस डेन्मार्कचे. सॉफ्टवेअर लिहिणारे अहती हेइन्ला, प्रीत कासेसालू आणि यान तालिन एस्टोनियाचे. या तिघांनी १९९०मध्ये, विशीच्या आत असताना, ‘कॉस्मोनॉट’ नावाचा संगणकीय खेळ विकला होता. म्हणजे स्काइप आभाळातून पडलं नाही. २००५मध्ये ईबेने ते २.६ अब्ज डॉलरला घेतलं, २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने ८.५ अब्जांना, आणि मे २०२५मध्ये ते बंद झालं.

देशाला त्यातून उरली ती माणसं. स्काइपचे पहिले कर्मचारी तावेत हिनरिकुस लंडनला राहून युरोत पगार घेत होते. त्यांचे मित्र क्रिस्तो केर्मान यांना पगार पौंडात मिळे, पण घराचा हप्ता एस्टोनियात भरायचा होता. बँकेचं कमिशन टाळायला दोघं आपसात अदलाबदल करत. त्यातून २०११मध्ये देशोदेशी पैसे पाठवून देणारं आजचं वाइज उभं राहिलं. हेइन्ला आणि फ्रीस यांनी २०१४मध्ये घरपोच सामान नेणारे रोबो बनवणारी स्टारशिप काढली. मार्कुस विलिग यांनी २०१३मध्ये १९व्या वर्षी टॅक्सी बोलावण्याचं ॲप काढलं, तेच आजचं बोल्ट. एक कंपनी मोठी झाली की तिथे शिकलेले लोक दुसऱ्या कंपन्या काढतात, त्यांत पैसा घालतात, पोरांना सल्ला देतात. सरकारने करण्यासारखं इतकंच: कर्मचाऱ्यांना समभाग देणं सोपं करा आणि बुडालेल्या धंद्याला जन्मभराचा डाग मानू नका.

आयर्लंड दुसऱ्या वाटेने गेला. १९६७मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत केलं, मग कमी कर ठेवून अमेरिकी कंपन्या आणल्या. पैसा लवकर आला, पण करवसुलीचा मोठा भाग मूठभर परदेशी कंपन्यांवर टेकला. मला एस्टोनियाची हळू वाट जास्त भरवशाची वाटते.

बिघाड होणारच, तेव्हा काय कराल हे आधी ठरवा

एप्रिल २००७मध्ये टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवण्यावरून दंगल झाली आणि पाठोपाठ बँका, वृत्तपत्रं, सरकारी संकेतस्थळं यांवर सायबर हल्ले झाले. पुढच्याच वर्षी नाटोचं सायबर संरक्षण केंद्र टॅलिनमध्ये उभं राहिलं.

मला अधिक शिकवणारी घटना २०१७ची. ऑगस्टच्या अखेरीस चेक संशोधकांनी कळवलं की ओळखपत्रांतल्या चिपमध्ये दोष आहे, ज्या गुप्त किल्लीच्या जोरावर कार्ड सही करतं ती हिशेबाने काढता येऊ शकते. साडेसात लाखांच्या आसपास कार्डं त्यात होती. संशोधकांचा निबंध अजून प्रसिद्ध झाला नव्हता आणि स्थानिक निवडणूक दीड महिन्यावर होती. सरकारने ५ सप्टेंबरला पत्रकार परिषद घेऊन सगळं सांगून टाकलं. अभियंत्यांनी कार्ड न बदलता घरूनच दुरुस्त करायची सोय केली. ३ नोव्हेंबरच्या रात्री, दुरुस्त न झालेल्या कार्डांची प्रमाणपत्रं निलंबित झाली. लपवाछपवी झाली असती तर लोकांनी ते कार्ड पुन्हा वापरलं असतं असं मला वाटत नाही. त्याच वर्षी लक्झेंबर्गशी करार करून महत्त्वाच्या नोंदींच्या प्रती तिथे, एस्टोनियाच्याच अधिकाराखाली ठेवायचं ठरलं. १९४०मध्ये सोव्हिएत संघाने देश गिळल्याची आठवण त्यामागे आहे.

या देशाच्या उणिवाही बघा, नाहीतर नक्कल आंधळी होईल. २००९मध्ये अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे १४ टक्क्यांनी आकसली. १९८९मध्ये १५ लाख ६५ हजार असलेली लोकसंख्या बरीच घटली. ईशान्येच्या नार्वा भागात, जिथे तेलखडकाच्या (जाळून वीज करायच्या दगडाच्या) खाणी आणि रशियन भाषक वस्ती आहे, तिथवर टॅलिनची भरभराट पोचलेली नाही. शिक्षकांचा पगार हा तर उघडा घाव आहे, जानेवारी २०२४मध्ये ते संपावर गेले होते. सप्टेंबर २०२५पासून दहावी-अकरावीच्या २० हजार मुलांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी योजना सुरू झाली आहे. ती शिक्षकांच्याच खांद्यावर उभी राहणार, म्हणून तो संप मी विसरू शकत नाही.

तुमच्या हातात एखादं कार्यालयच असेल तर

देश हातात येत नाही, पण पालिका, पंचायत किंवा एखादं खातं येतं. तिथून सुरू करता येतं. लोकांना सर्वांत जास्त लागणारा एक दाखला निवडा, समजा रहिवासी दाखला. त्याचा अर्ज घ्या आणि जोडायच्या प्रत्येक कागदापुढे लिहा: हा मुळात कुठल्या सरकारी कार्यालयाने दिलेला आहे? बहुतेक ओळींपुढे सरकारचंच नाव येईल. मग त्या कार्यालयांच्या प्रमुखांना एका टेबलाशी बसवा आणि तीन गोष्टी लेखी ठरवा: कुठली माहिती कोण विचारू शकेल, ती किती वेळात मिळेल, आणि विचारल्याची नोंद नागरिकाला कुठे दिसेल. हा आदेश निघेपर्यंत सॉफ्टवेअरची निविदा काढू नका. आदेश निघाला की अर्जावरून ते रकाने खोडून टाका, म्हणजे खिडकीवरच्या माणसाला कागद मागायची मुभाच राहणार नाही. पहिल्या दाखल्याला वर्ष लागलं तरी लागू दे. त्याच्यासाठी झालेल्या आदेशावर पुढचा उत्पन्नाचा दाखला काही आठवड्यांत उभा राहील.